बांधाकडच्या ओळी

प्रिय नानाभाऊ,

परवा रविवारी आपल्याकडे कानबाई बसणार. आज सकाळी सूनबाई मंगल कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला बसली आणि मला विचारलं, "तात्या, संजूभाऊकडन्या मुठी धरू का?" दरवर्षी न विचारता धरते. यंदा विचारलं, म्हणजे तिच्याही कानावर सगळं गेलेलं आहे. मी "थांब जरा" म्हणालो आणि आत येऊन तुला लिहायला बसलो. मुठी तुझ्या घरच्या, तर तुझ्याशिवाय विचारू कोणाला?

तुला एक ठाऊक नसेल. तू गेल्यावर तुझ्या संजूला मुलगा झाला. नाक थेट तुझं. भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषामागे गव्हाची मूठ घालायची, तर त्याची यंदा पहिली. ती नाही धरली तर? रोट वेगळे झाले की भाऊकी वेगळी झाली, असं आई म्हणायची. तुझ्या हयातीत ते कधी झालं नाही.

आता कपाशीचं सांगतो. गेल्या आठवड्यात शेतात गेलो आणि पाहतच राहिलो. कपाशीचं पान कसं, उघड्या पंजासारखं. ते राहिलंच नव्हतं. भेंडीच्या पानासारखं चिरत गेलेलं, लांबुडकं, शेंडे खाली मुरडलेले. रोग म्हणावा तर असा रोग मी सत्तर वर्षांत पाहिला नाही. आणि बांधापलीकडे तुझ्या संजूचा मका ताठ, हिरवागार, सऱ्यांत तणाचं नाव नाही. त्याच सुमारास त्याने तणनाशक मारलं होतं. मी काय समजायचं, तूच सांग.

या तणनाशकाचा मला पहिल्यापासून भरवसा नाही. मका पेरला की ओल्या जमिनीवर एक फवारतात, तेही मागे मागे सरकत, पायाने थर मोडू नये म्हणून. मला तर माणूस आपल्याच शेतातून काढता पाय घेतोय असं वाटतं. मग तण दिसायला लागलं की दुसरं. त्याचं नावसुद्धा आकड्यांचं. चोपड्याचा दुकानदार संजूला माझ्यादेखत म्हणाला होता, "मक्याला, उसाला काही होत नाही, फक्त रुंद पानाचं तण मरतं." मी विचारलं, "शेठ, कपाशीचं पान अरुंद असतं का?" तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

तुला आठवतं, आई निंदायला बसायची आणि आपण तिच्यामागे शाळेच्या कविता म्हणत तण उपटायचो? ओळ संपली की एक रोप उपटायचं. मला कवितेच्या ओळी पाठ आणि तुला तणाची नावं. तू म्हणायचास, "गुलाब, या कवींच्या शेतात तण कसं नाही रे? हे निंदायला गेलेले दिसत नाहीत." मी रुसायचो. आई घोळ, तांदुळजा ओच्यात भरायची आणि संध्याकाळी त्याचीच भाजी. आता त्या शेतातली घोळ खायची माझी छाती नाही. मजूर मिळत नाहीत, हे मलाही कळतं. पण जे घोळीला ओळखून मारतं, ते माझ्या कपाशीला ओळखणार नाही का?

तर संशय धरून बसलो. मग जे दिसेल ते त्याच संशयाला जाऊन चिकटायला लागलं. संजू चहाला येईना. रस्त्यात दिसला की मोबाइल कानाला लावायचा. बांधावरचा तुझा कडुनिंब त्याने गेल्या वर्षी तोडला होता, तेही आठवलं. तो असता तर वारा अडला असता की नाही? आणि आमचा विलास उठता बसता म्हणे, "तात्या, जाऊ द्या, भाऊकी शे." कपाशी आमची जळालेली आणि हा का एवढा समजूतदार, हे मात्र मला सुचलं नाही.

शेवटी काल बांधावर गेलो. संजू मक्याला खत देत होता. मला पाहून पाटी खाली ठेवली.

"काका, तुमना मनमा काय शे ते सांगी टाका."

"तुना फवारानी मनी कपाशी जाळी टाकी."

"फवारं तधय वारा कोनती बाजूले व्हता, इचारा कोनलेबी."

"वाराले साक्षीले बलावस का?"

"नही. कपाशीलेच बलावा. बांधकडन्या वळी देखा, मंग बोला."

एवढं बोलून त्याने पाटी उचलली. तुझीच सवय, निम्मं बोलायचं आणि निघून जायचं. तुझ्यावरही मी त्यासाठी किती चिडायचो.

मी ओळी पाहिल्या. नानाभाऊ, बांधाकडची कपाशी चांगली होती. औषध वाऱ्याने आलं असतं तर आधी तीच गेली असती. सगळ्यात वाईट ती विहिरीजवळ, जिथे विलास फवारणीचा पंप भरतो. तिथून पुढे गेलं की पानं थोडी बरी, आणखी पुढे आणखी बरी. पहिल्या पंपात जे होतं, ते पुढच्या पंपांत पातळ होत गेलेलं.

घरी येऊन विलासला विचारलं, "तुडतुडासवर औषध मारं, तो पंप कोना व्हता?"

"संजूना. आपला पंपना वायसर गयता."

"धुयता का?"

"त्यानी धुईसन दिन्हा व्हता ना. मी बी खंगाळा एक डाव."

संध्याकाळी संजूच्या दारात जाऊन त्यालाही विचारलं. तो म्हणतो, तणनाशकाचा पंप होता, सोडा टाकून दोन-तीनदा धू, असं मी विलासला बजावलं होतं. विलास म्हणतो, त्याने असं काही सांगितलंच नाही. दोघंही माझ्या डोळ्यांत पाहून बोलले. दोघांतला एक खोटं बोलतोय, किंवा दोघंही. पण माझ्यापासून लपवायचं, हे दोघांनी मिळून ठरवलेलं होतं, याबद्दल मला शंका नाही. भांडायचं सोडून लपवायला एकत्र आले. याचा राग करावा की समाधान मानावं?

तू संजूला नांगर शिकवलास, केळी शिकवलीस, बाजार शिकवलास. उसनी वस्तू देताना ती आतून पाहून द्यावी, हे शिकवायचं कसं राहिलं? मी विलासला कविता शिकवल्या, तेव्हा मी तरी कोणत्या तोंडाने बोलू. आता रोज कपाशीचे शेंडे पाहतो. नवी फूट सरळ येईल म्हणतात. कोण म्हणतं? तोच दुकानदार.

आता उठतो आणि मंगलला सांगतो, संजूकडच्या सगळ्या मुठी धर. बाळाची मूठ मी माझ्या हाताने घालीन. त्याने अजून कुणाचा पंप उसना घेतलेला नाही. रविवारी संजू आणि विलासला पंगतीत समोरासमोर बसवीन, म्हणजे दोघांचे चेहरे मला एकदम दिसतील. रोट वेगळे होऊ देणार नाही, हे माझं वचन. माझा संशय फिटेल, असं वचन मात्र मागू नकोस.

तुझ्या पाठचा,
गुलाब