घाटातल्या फोटोची निगेटिव्ह

मी, को श्वेमू, वय एकाहत्तर, राहणार शीदिंग, तैवान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डावा पाय अधू आहे, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर, चहाचा मळा आणि बँकेतली शिल्लक ही स्थावर-जंगम मिळकत माझी मुलगी युनजू हिला मिळावी. जावयानं त्यात नाक खुपसू नये.

२. कॅमेऱ्याची तिपाई आणि काळा पुठ्ठा गावच्या फोटो मंडळाला द्यावा. रात्री भिंग बराच वेळ उघडं ठेवलं की धावत्या गाड्यांचे दिवे फोटोत रेघा होऊन उमटतात. उजेड फार झाला की हा पुठ्ठा भिंगापुढे हलवत धरायचा. हे काम च्वो आच्वानइतकं सुरेख कुणाला जमलं नाही. वैऱ्याचंही खरं ते लिहावं.

३. आच्वान माझा शाळेपासूनचा मित्र. तरुणपणी एका रात्री तो घाटमाथ्यावर माझ्या कॅमेऱ्याशी उभा होता आणि त्याला मागच्या दिव्याची लाल रेघ मिळावी म्हणून मी स्कूटरवरून घाट उतरत होतो. वळणावर घसरलो तो स्कूटरसकट मळ्यात. फोटोत ती रेघ रस्ता सोडून खाली कोसळते. लोक वाहवा करतात. पण त्याच फोटोत शेवटच्या बसची रेघ पायथ्यापर्यंत अखंड आहे, आणि बस तर मी पडल्यानंतर आली. म्हणजे मी खाली विव्हळत होतो आणि हा वर पुठ्ठा हलवत होता.

दवाखान्यात जाब विचारला तर म्हणाला, "अरे, बस यायचीच होती! आणि तू ओरडत होतास ना? म्हणजे जिवंत होतास की!"

फोटोचं बक्षीस त्याला मिळालं. निगेटिव्ह माझ्याकडे राहिली. दर नववर्षाला अननसाचे केक घेऊन येतो आणि ती मागतो. केक मी ठेवून घेतो. पायाचं दुःख कधीच ओसरलं. यानं केसानं गळा कापला, ते मात्र जात नाही.

४. मी गेल्यावर युनजूनं पहिला फोन आच्वानला करावा. "बाबा गेले" एवढंच सांगावं. तो असेल तसा धावत आला, तर निगेटिव्ह त्याच्या हातात द्यावी आणि त्याला घरच्यांत बसवावं. "अंत्यविधी किती वाजता?" असं विचारलं, तर ती मेलेल्यासाठी जाळतात त्या कागदी नोटांबरोबर जाळावी.

तो धावत येईल असं मला अजूनही वाटतं. त्याचाच जास्त राग येतो.

सही: को श्वेमू
साक्षीदार: १. श्याओ तिंगफा, मंदिराचे पुजारी २. तू मेइलुआनबाई, शेजारीण
(दोघांनी सही करताना मला पाहिलं. मजकूर वाचू दिलेला नाही; आच्वानला आधीच सांगून टाकतील.)
ठिकाण: शीदिंग. ६ सप्टेंबर २०२३