वीस मैलांची शपथ

कर्जत, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

ती. स्व. अण्णांस,
धाकट्या चिंतामणाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा दमा आणि वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे मोटार सोडून सर्वांचे बरे आहे.

मोटार दिलीत तेव्हा वेगाच्या मीटरचा काटा ताशी वीस मैलांच्या पुढे नेणार नाही, अशी मी देवासमोर शपथ घेतली. ती पाळली, आणि त्यापायीच सुंदराचे स्थळ हातचे जाऊ पाहते आहे. पाहुणे खालापूरला दुपारपर्यंतच थांबणार होते. वाटेत पुढचे टायर फुटले. जादा ट्यूब नाही. शेतावरच्या हिरामणने टायरात भाताचा पेंढा ठासून भरला. (अशानेही मोटार चालते. कशी, ते माझी कंबर सांगेल.) काटा विसावर आला, मी तिथेच धरून ठेवला. तेवढ्यात हिरामणचाच छकडा मागून आला नि पुढे निघाला. आत बसलेली त्याची बायको आनंदीबाई ओरडली, "अवो दादा, मोटार हाय का पालखी? पोरीला हिकडं द्या, आमी पोचवतो!"

सुंदरा म्हणाली, "बाबा, बैल वीस मैलांनी धावतात?"

"काटा खोटं कशाला बोलेल?" मी म्हणालो, पण मन थाऱ्यावर राहीना. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो, आणि चाक नव्यासारखे मोठे आहे असे धरून चालतो. टायर आधीच झिजलेले, त्यात पेंढा दबून चाक आणखी लहान झाले. तेवढ्याच वाटेला फेरे जास्त. आणि मीटरची तार नेमकी त्याच चाकाला! मैलाच्या दगडांवर घड्याळ लावून पाहिले. काटा वीस, मोटार पंधरा. तरी पाय रेटवेना. शपथ वेगाची होती की काट्याची? हे ठरेपर्यंत खालापूर आले. पाहुणे निरोप ठेवून गेले होते: "मुलगी दाखवायची नसेल तर तसं सांगा."

आपला,
चिंतामण

ता. क. पाहुणे रविवारी पुन्हा येताहेत, शेवटचे. नवे टायर तोवर मिळत नाही. तरी काटा सव्विसापर्यंत (म्हणजे रस्त्याने विसाच्या आतच) नेण्याची लेखी परवानगी द्यावी.

आणखी ता. क. तुमचे उत्तर रविवारनंतरच पोचेल, हे आत्ता ध्यानात आले. सुंदराने मीटरच्या काचेवर खळीने कागद डकवला आहे. काटा दिसलाच नाही तर शपथ मोडत नाही, असे तिचे म्हणणे. तिची आईही तिच्याच बाजूची. यात पाप आहे का, ते सवडीने कळवावे.