देवाच्या पायावर घातलेलं रॉकेट

चिंचवड,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९७८

तीर्थरूप हरिहरमामांस शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा कोपर, सध्या सोललेलं आहे, सातांवर भागवून घ्यावं.) मामींच्या गुडघ्यांना नवं तेल लागू पडलं का? अरुंधतीची सहामाही कशी गेली? मी खुशाल आहे. मेसची आमटी सोडली तर कुणाबद्दल तक्रार नाही. चिंचवडहून तळेगाव ते काय लांब, पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण समोर बसून सांगायला लागलो तर तुम्ही मधेच हसाल नाहीतर मधेच चिडाल. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

आम्ही कॉलेजात रॉकेट करतोय हे आईने कळवलंच असेल. (तिने 'दिवाळीची दारू' असं कळवलं असेल. तसं नाही.) दिवाळीच्या सुट्टीत ते उडवायचं आहे आणि हे आमचं शेवटचं वर्ष, तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही. साडेतीन फूट अॅल्युमिनियमची नळी, तळाशी इंधन आणि शेंड्यात नीलिमा करंदीकरने केलेलं सर्किट. रॉकेट वर जाऊन दमलं की मान टाकतं. मान कलली की काचेच्या कुपीतला पारा घरंगळून दोन तारा जोडतो, चिमूटभर दारू उडते, शेंडा सुटतो आणि पॅराशूट बाहेर येतं. कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रयोगशाळेत मात्र वीस वेळा मान कलवूनही ढिम्म. सोल्डरिंग तू केलंस म्हणून, असं नीलिमा म्हणायची. सर्किट तू काढलंस म्हणून, असं मी म्हणायचो. शेवटी माझे सगळे सांधे उखडून तिने पुन्हा स्वतः केले, ते तपासायचं मात्र राहिलं.

आता नळी फुकट करून देणारा कुणीतरी हवा होता. मी, नीलिमा आणि आमच्या वर्गातला चिमाजी असे तिघे पिंपरीपासून कंपन्यांची फाटकं पालथी घालत निघालो. एका ठिकाणी वॉचमनने आम्हाला नोकरीच्या उमेदवारांच्या बाकावर बसवलं. चिमाजीचा नंबर आधी लागला, आत त्याने लेथबद्दल भराभर उत्तरं दिली आणि त्याला तिथल्या तिथे ट्रेनी म्हणून घेतलं. तो आता पहिल्या शिफ्टला असतो आणि रॉकेटचं नाव काढत नाही. उरलो दोघे.

भोसरीला मात्र दौलतराव भेटले. चार लेथांची शेड, मालक स्वतः मशीनवर. नळी देतो म्हणाले, वर त्यांच्या वर्कशॉपचं नाव पाहिजे. पेंटरने 'श्री भैरवनाथ इंजिनिअरिंग वर्क्स, भोसरी' असं लिहायला घेतलं ते नळीला दोन वेढे घालून संपलं. दुसरी अट एकच, खंडेनवमीला हत्यारांबरोबर रॉकेटही पूजेला मांडायचं. ही काय अट झाली, म्हणून आम्ही लगेच हो म्हटलं.

खंडेनवमीला शेड धुऊन काढली होती. लेथांना झेंडूच्या माळा, पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, व्हर्निअर, त्यांच्यामागे भैरवनाथाची तसबीर आणि मधोमध आमचं रॉकेट ताठ उभं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. आपटेही पेढ्यांच्या बॉक्सकडे बघू लागले. (आपटे हे आमचे सर. इंधन जपायला आले होते. ते त्यांनी रॉकेटमध्ये न भरता डब्यात, स्वतःच्या मांडीवर ठेवलं होतं. देव त्यांचं भलं करो.) एवढ्यात दौलतरावांच्या आई यशोदाबाई पुढे झाल्या. नवी वस्तू आहे, देवाच्या पायावर नको का घालायला? असं म्हणत त्यांनी रॉकेट तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि त्याचं डोकं भैरवनाथाच्या पायाशी टेकवलं.

मामा, त्याने मान टाकली.

आवाज असा झाला की मी लेथखाली सूर मारला (कोपर). शेंडा तसबिरीखालून मागच्या पत्र्याला भोक पाडून गेला, नळीचं तोंड फाटलं आणि पॅराशूट उघडून अलगद यशोदाबाईंच्या डोक्यावर उतरलं. आतून आवाज आला, "देवानं वस्तर दिलं गं बाई!" ते त्यांनी घडी घालून ठेवलंय. देवाचं आलेलं परत देत नसतात म्हणे.

बॅटरी कुणी जोडली, असं नीलिमाने विचारलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मीही पाहिलं. मग तज्ज्ञाच्या शांतपणाने मी जमलेल्यांना सांगितलं की सर्किटमध्ये दोष राहिला असावा, घाईत होतं असं. नीलिमाने स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि बस पकडली. तेव्हापासून ती कॉलेजात माझ्याशी बोलत नाही.

दौलतराव मात्र खूश आहेत. काल म्हणाले, "देवापुढं डोकं टेकवलं आन् यंत्रानं सलामी दिली राव! आमच्या शेडमदी असं काम न्हाई झालं. नवी नळी देतो, पर त्या पोरीला आना. ती न्हाई तर नळी बी न्हाई." एकंदरीत असं आहे. मामींना नमस्कार, अरुंधतीला आशीर्वाद.

तुमचा,
शरच्चंद्र

ता. क. बॅटरी मी जोडली. शेंड्याला एक लाल दिवा आहे, तो चारचौघांत लागलेला बरा दिसतो, इतकंच मनात होतं.

ता. क. २. परवा माफी मागायला सांगवीला तिच्या घरी गेलो. दार वडिलांनी उघडलं. कोण हवंय म्हणाले, आणि मी वीज मंडळातून मीटर बघायला आलोय असं सांगून बसलो. (तुम्ही त्या खात्यात आहात, त्यामुळे तोंडात पटकन तेच आलं.) त्यांनी मला स्टूल दिलं. मीटर फार पळतं अशी त्यांची तीन महिन्यांची तक्रार आहे. ती मी वहीत सविस्तर उतरवून घेतली आणि रविवारी आमचे साहेब हरिहरराव जातीने येतील असा शब्द दिला. नीलिमा आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने मला उघडं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

ता. क. ३. तेव्हा रविवारी जाच. मीटर मागाहून बघा. आधी तिला सांगा की बॅटरी शरदने जोडली आणि तिचं सर्किट बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते चाललं आणि मी त्याला दोष म्हणालो, याची मला फार लाज वाटते. तिच्या वडिलांसमोर सांगितलंत तरी चालेल.