हापशाच्या पाण्यातला लाल

मुरुड, सोमवार, संध्याकाळ

मठाच्या पताकेचा रंग आज सापडला, शिवकृपा! बाजारी रंग नको, असं स्वामींचं म्हणणं. म्हणून मंजिष्ठेची मुळं कुटून तीन ठिकाणी भिजवली होती: टँकरच्या गोड्या पाण्यात, हापशाच्या जड पाण्यात आणि स्पिरिटमध्ये. सकाळी दोन्ही पाण्यांची भांडी मंद आचेवर ठेवली, स्पिरिटचं चुलीपासून लांब. तुरटी लावलेल्या चिंध्या तिन्हीत बुडवल्या.

गोड्या पाण्यात नुसता नारिंगी. स्पिरिटमध्ये रंग झटकन उतरला, पण चिंधी धुतली की निम्मा गेला. वर सासूबाई, "घरात दारूचा वास कशाचा गं?"

"आत्याबाई, दारू न्हाई, दवाखान्यातलं स्पिरिट हाय."

"वास तर तोच हाय की!"

आणि हापशाचं पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, त्यात लालभडक! साबणानं धुतलं तरी ढळला नाही.

पण सासूबाई अडल्या. "डाळ शिजंना त्या पाण्यात, अन् देवाची पताका बुडवतीस?"

क्षणभर वाटलं, चुकतंय का माझं? मग म्हटलं, "आत्याबाई, सरकारनं आपला जिल्हा नवा केला तरी गोडं पाणी टँकरचंच, तेही मोजकं. गोडं पाणी रंगात घातलं तर प्यायचं काय? या दुष्काळात देवानं दिलंय ते हेच पाणी. पताका यातच रंगंल."

उठून बाहेर गेल्या. रुसल्या, वाटलं.

लिहितेय तर बाहेर हापसा वाजतोय. डोकावले. सासूबाईंनी दोन घागरी भरल्यात, तिसरी लावलीय.