दोन्ही टोपणांसकट लेन्स

मुर्री, मंगळवार, संध्याकाळ

दिनेश आज माझी मोठी लेन्स परत देऊन गेला. पुसून, दोन्ही टोपणं लावून! इतकी वर्षं ती आम्हा चौघा फोटोग्राफरांच्या लग्नाच्या कामांतून फिरली, पण टोपणासकट कधी परत आली नव्हती.

चौघांनी एकाच कंपनीचे कॅमेरे घ्यायचे, हे माझंच डोकं. म्हणजे सीझनमध्ये एकाची लेन्स दुसऱ्याच्या कामी येते. आता तिघांनी नागपूरला जाऊन दुसऱ्या कंपनीचे घेतले. मला विचारलंसुद्धा नाही.

"आमच्या नव्या कॅमेऱ्याले हे बसतच नाही," दिनेश म्हणाला. "तू बी बदलून टाक ना. कायले अडून राहिला?"

कायले? माझा कॅमेरा काय फोटो काढत नाही? पण परवा सडक अर्जुनीच्या लग्नात लेन्स कमी पडली तर मागू कोणाला? बदलावाच का? बदलला, तर उद्या त्यांच्याच दारात लेन्स मागायला उभा राहू?

टोपणं आत्ता नीट पाहिली. दोन्ही कोरी आहेत, माझ्याच कंपनीची; त्यांनी कॅमेरे घेतले त्या नागपूरच्या दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं आहे. म्हणजे तिथे माझी आठवण झाली होती त्यांना.