पातेल्याला मिठी

पोत्सुओली,
रविवार, १६ ऑक्टोबर १९८३

प्रिय तितिनाताई,

तुला आणि भावोजींना खूप खूप प्रेम, मुलांना पापे. तुमच्या फोर्मियात जमीन जागच्या जागी आहे ना? आमची रोज थोडी थोडी वर येते आहे, आणि येताना हादरे देते आहे. बंदरातलं पाणी मागे सरलं, प्रोकोलोची होडी चिखलात बसली आणि होडीचा मालक, माझा नवरा, माझ्या डोक्यावर बसला. दोघांपैकी होडी बरी, ती निदान बोलत तरी नाही.

एक मागणं आहे. माझ्या नुन्झियाला काही महिने ठेवून घेशील? तिची शाळा बंद आहे, जिन्याच्या भिंतीला मूठ जाईल एवढा तडा गेलाय. सात वर्षांची पोर, चिमणीएवढं खाते. तुझ्या दोघांत हे तिसरं कधी आलं ते कळणारही नाही. नाही म्हणू नकोस.

आज मी ब्राचोले केलेत. हस खुशाल. निम्मं गाव तंबूत राहायला गेलंय आणि मी सकाळी उठून गोमांसाचे काप ठोकत बसले. पण रविवारी आमच्या दारातून रस्स्याचा वास आला नाही तर खालची डोना रफिलीना वर येऊन विचारेल, कोण गेलं म्हणून. लसूण, पार्सली, मनुका, चिलगोजे, मेंढीच्या दुधाचं चीज, सगळं आई भरायची तसंच भरलं, गुंडाळ्या करून दोऱ्यानं बांधल्या, चरबीत लाल केल्या. आता टोमॅटोत मंद आचेवर पुटपुटतायत. आईचा नियम आठवतो ना? रस्सा चुलीवर असताना पातेलं सोडून हलायचं नाही. मी एकदा मिरवणूक बघायला खिडकीत गेले आणि रस्सा बुडाला लागला, तेव्हा लाकडी डाव माझ्या पाठीवर मोडला होता. म्हणून हे पत्रही स्वयंपाकघरातच लिहिते आहे, एक डोळा पातेल्यावर ठेवून. नुन्झिया आतल्या खोलीत बाहुलीशी खेळते आहे. प्रोकोलो नेहमीसारखा पत्ते कुटायला गेलाय.

भीतीचं काय लिहू? कपाटातले पेले किणकिणले की मी हातातलं काम टाकून दिव्याकडे बघते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी दाराची कडी धरते. कपडे घालूनच झोपतो आम्ही. प्रोकोलो म्हणतो, "अगं, जमीन आहे ती, जरा श्वास घेते." मी म्हटलं, घेऊ दे की, पण मग मलाही घेऊ दे.

थांब, दिवा हलतोय

*

संध्याकाळ झाली. अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घे. वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पोरीला पाठवायचं कारण ते नाही. आता नाही लिहिलं तर कधीच लिहायची नाही.

गेल्या रविवारीही मी ब्राचोलेच करत होते. मोठा हादरा बसला. छताचा गिलावा पडला, सगळी इमारत किंचाळायला लागली. मी पळाले. चार मजले उतरून चौकात आले तेव्हा माझ्या हातात रस्स्याचं पातेलं होतं. दोन्ही बाजूंनी फडक्यानं नीट धरलेलं, वर झाकणसुद्धा.

डोना रफिलीना म्हणाली, "बघा गं बाई, ही जेवण घेऊन आली!"

कुणीतरी ओरडलं, "फिलोमेना, पास्ता कुठाय? अर्धंच काम केलंस!"

सगळे थरथरत होते आणि हसत होते. मीही हसले. ताई, मी हसले गं.

मग रफिलीनानं विचारलं, "आणि पोरगी?"

जिना कसा चढले ते आठवत नाही. नुन्झिया टेबलाखाली बसली होती, शाळेत शिकवलं होतं तशी, डोक्यावर हात घेऊन. रडली नाही. मला बघून म्हणाली, "आई, रस्सा सांडला नाही ना?"

प्रोकोलोला वाटतं पोर माझ्या कडेवर होती. रफिलीनानं तोंड मिटून घेतलंय, ती काही बोलली नाही म्हणजे बघ काय झालं असेल. मी आज ब्राचोले नसते केले तर प्रोकोलोनं विचारलं असतं, का नाही केले? काय सांगणार होते मी?

आज पुन्हा हादरा बसला. मी पेन टाकून आतल्या खोलीकडे धावले. पातेल्याकडे बघितलंही नाही, आईची शपथ. खोली रिकामी. बाहुली पलंगावर. मी हाका मारत गॅलरीत गेले, पलंगाखाली वाकले, कपाट उघडलं.

ती स्वयंपाकघरात होती. गॅलरीच्या दारानं तिकडे गेली होती. स्टुलावर चढून तिनं पातेल्याला मिठी मारली होती. उकळत्या पातेल्याला. ओठ घट्ट आवळले होते, पण सोडत नव्हती. मी ओढून काढली तर म्हणते, "मी धरून ठेवलं होतं. म्हणजे तू मलापण नेशील ना."

तंबूतल्या डॉक्टरनं मलम लावून कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. व्रण राहणार नाहीत असं म्हणाला. प्रोकोलोला सांगितलं, रस्सा उडाला.

मी तिला किती सांगितलं, आज मी तुझ्याकडेच धावत आले होते. ती मान हलवते, समंजस बाईसारखी. पण तिनं बघितलं कुठे? तिनं बघितलंय ते गेल्या रविवारचं. आता जमिनीची भीती मागे पडली. पेले किणकिणले की ती चुलीकडे वळते, भीती आहे ती याची. पुढच्या वेळी मी पोचायच्या आत ती काय धरेल?

ताई, पहिल्या गाडीनं ये आणि तिला घेऊन जा. एकच कर. मी पाठवते आहे असं तिला चुकूनही कळू देऊ नकोस. दारातच मोठ्यानं सांग की मला नुन्झिया हवी आहे, मी तिला न्यायलाच आले आहे. मी नाही म्हणेन, तुझ्याशी भांडेन, तिचा फ्रॉक धरून ठेवेन. तू मला भांडू दे. तिला ते बघू दे.

आणि मग माझ्या हातातून तिला ओढून ने.

तुझी,
फिलोमेना