पदरातली खडीसाखर

मंगळवार, दिवेलागण

आज अंगणात वाळत घातलेला जवळा उलटायला वाकले आणि उठताना पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. सवयीनं पदराच्या गाठीतली खडीसाखर काढली. साखर उतरली की अशीच अंधारी येते, बारा वर्षांच्या डायबेटीसनं एवढं शिकवलंय. पण सूनबाईनं हात धरला. म्हणाली, "आई, खाऊ नका. आधी मशीन लावू." बोटाला टोचलं तर दोनशे चाळीस, म्हणजे साखर चढलेलीच. मग उतरलं काय होतं?

ती म्हणते, "प्रेशरची गोळी चालू झाली तवापासून हाय हे. उठताना प्रेशर उतरतं. वाकून एकदम उठू नका." खरंच, महिनाच झालाय त्या गोळीला. या महिन्यात मी खडे किती खाल्ले? बोईसरच्या बाजारात सुकट विकताना, पाटी उचलताना, दर वेळी एक.

परवा साखर वाढलेली बघून डॉक्टरांनी विचारलं होतं, गोड खाता का? मी ठासून नाय म्हटलं. चहासुद्धा बिनसाखरेचा पिते. खडीसाखर मी गोडात धरलीच नव्हती, ती तर औषध. माझ्या त्या 'नाय'वर त्यांनी साखरेची गोळी वाढवली.

उद्या जाऊन सगळं सांगायचं. ओरडले तर ओरडू देत. पण वाढवलेल्या गोळीनं साखर खरोखरच उतरली तर? बाजारात मासळीच्या हातांनी बोट कुठं टोचत बसू? साखर उतरो की प्रेशर, अंधारी तर सारखीच.

सूनबाई म्हणते, फेकून द्या ते खडे. गाठ काही माझ्यानं सोडवत नाही.